सात घडांची वेळ

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडिलांचा नाशकात लहानसा छापखाना होता. मोर्चा असो, पाण्याची सभा असो, एखाद्या बुवाचं बिंग फोडायचं असो, पत्रक आमच्याकडेच छापलं जाई. घड्या घालायचं काम घरातल्यांचं. मी अक्षरओळख शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. चौथीत 'माझा आवडता पक्षी' या निबंधाच्या शेवटी मी 'वेळीच जागे व्हा' असं लिहिलं होतं. बाईंनी खाली तांबड्या शाईत विचारलं होतं, 'कोणी? पोपटाने?'

हे सांगायचं कारण असं, की तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी जी चूक केली ती अडाणीपणाची नव्हती. ती अशा घरात वाढलेल्या मुलीनेच करावी अशी चूक होती. आणि ती ज्या दोन माणसांमुळे मला दिसली, त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत. एकीची तोंडी माफी मागितली, पण ती पुरेशी नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. सायखेड्याजवळच्या एका द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी आकाशात काहीतरी दिसलं. ती बाई म्हणजे एका टोळीची मुकादम. सुरगाण्याकडच्या डोंगरातून भात, नागली काढून झाली की माणसं टोळ्या करून आमच्या या द्राक्षपट्ट्यात कामाला उतरतात, आणि शिमग्याला परत जातात. मुकादम बहुतेक पुरुष असतो. इथे पन्नाशीची बाई होती, आणि तिच्या टोळीत बाराजणी. सगळा परिसर तिला मावशी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते.

मावशीने पाहिलेलं तिने बागमालकाला सांगितलं. मालकाने गावात सांगितलं. तिसऱ्या दिवशी हातात माइक घेतलेला एक यूट्यूबवाला बागेत आला. त्याच्या व्हिडिओत मावशी चार वाक्यं बोलली होती: दिवस बुडाल्यावर पांढरं काहीतरी दिसलं, आवाज नव्हता, हळूहळू सरकत होतं, माझे सात घड विरळून होईपर्यंत ते मांडवाच्या या तारेवरून त्या तारेवर गेलं. बाकी सगळा व्हिडिओ संगीत, हिरवा माणूस आणि 'नाशकात उतरले परग्रहवासी' या अक्षरांचा. दोन दिवसांत त्या बागेत लोक नारळ घेऊन यायला लागले.

एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. एका रात्रीत नव्हे, एका तासात पत्रक लिहिलं. मथळा होता 'द्राक्षबागेत उतरलेली थाप'. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की ते मी ठळक टायपात घ्यायला लावलं: 'बाई म्हणतात, ती वस्तू डोक्यावर असताना त्यांनी सात घडांचं काम केलं. आकाशात यान दिसत असताना कोणता माणूस खाली द्राक्षं विरळत बसेल? ज्याने काही पाहिलेलंच नाही, तोच.'

वडिलांनी प्रूफ वाचलं. चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, "भेटलीस त्यांना?"

"व्हिडिओ आहे ना," मी म्हणाले.

त्यांनी मशीन सुरू केलं.

पत्रकं मी सायखेड्याच्या बाजारात वाटली, आसपासच्या चार गावांत वाटली, आणि नाशकात जिथून पेठ-सुरगाण्याच्या जीपा भरतात तिथेही वाटली. जीपवाल्यांनी ती प्रवाशांच्या हातात दिली. पत्रक डोंगरापर्यंत गेलं याचा मला फार आनंद झाला होता.

आठवड्याने पोलीस पाटलांचा फोन आला. "ताई, बागेत लष्कराचे दोन साहेब आलेत. आकाशात दिसलेल्या वस्तूची चौकशी चाललीय. तुमचं पत्रक त्यांच्या फाइलीत आहे. तुम्हाला बोलावलंय."

नाशकाच्या आसपास लष्कर नवीन नाही. तोफांच्या सरावाचे आवाज ऐकत आम्ही परीक्षांचा अभ्यास केला आहे. पण फाइल, चौकशी आणि बोलावणं हे शब्द आमच्या घरात वेगळ्या कानांनी ऐकले जातात. स्कूटरवर सायखेड्याला जाताना मी वाटेत भाषण तयार केलं. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, नागरिकाचा अधिकार, सगळं. मला धमकावण्यात येईल अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर थोडी इच्छाही होती.

बागेच्या बांधावर पोलीस पाटील भेटले. आत चालता चालता म्हणाले, "तुमच्या कागदानं बरंच केलं, ताई."

"म्हणजे लोक यायचे थांबले?"

"ते मावशीनं आधीच थांबवले होते. नारळवाल्यांना काठी घेऊन हाकलत होती, मुळ्या तुडवता म्हणून. तुमच्या कागदानं दुसरंच झालं."

मग त्यांनी सांगितलं. विरळणीचं काम असं असतं, की कोवळ्या घडातल्या जास्तीच्या पाकळ्या, म्हणजे मण्यांचे बारके झुबके, कात्रीने काढून टाकायचे. मण्यामण्यात बोटाइतकी जागा राहिली नाही तर पुढे मणी एकमेकांना दाबतात, फुटतात, अख्खा घड जातो. पण हे चुकलेलं आज दिसत नाही, महिन्याने दिसतं. म्हणून मालक प्रत्येक घड तपासत नाही. मुकादमाच्या शब्दावर ओळ पुरी झाली असं धरतो. नऊ हंगाम मावशीचा शब्द चालला होता. पत्रक वाचल्यावर मालकाच्या मेहुण्याने म्हटलं, जी बाई आकाशाबद्दल थापा मारते ती घडाबद्दल मारणार नाही कशावरून? आता मेहुणा कात्री घेऊन टोळीच्या मागून फिरत होता. आणि वरच्या अंगाचा मोठा प्लॉट, ज्यावर टोळीचा उरलेला हंगाम अवलंबून होता, तो दुसऱ्या टोळीला द्यायचं घाटत होतं. तो गेला तर तेरा बायकांनी पौष लागायच्या आत रिकाम्या हातांनी डोंगरात परत जायचं. विरळणीचे दिवस थोडे असतात. त्यामुळे निर्णय दोन-तीन दिवसांवर आला होता.

भाषण कुठे गेलं कळलं नाही.

ओळींमधून बायका काम करत होत्या. एकीने मला पाहिलं. "आली गं, पत्रकवाली."

"हिला इचारा, आपन हितं हाय का नाय," दुसरी म्हणाली. "का तीबी थापच?"

"हळू बोला. उद्या तुमच्यावर छापंल."

मावशी ओळीच्या टोकाला उभी होती. बारकी, काटक, डोक्याला टॉवेल. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा घडाकडे वळली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

अधिकारी साध्या कपड्यांत होते. मोठे साहेब चष्मेवाले, सडसडीत, हिंदी बोलत होते. पण हिंदीही त्यांची घरची नसावी, कारण प्रत्येक वाक्य ते आधी मनात लावून मग बोलत. त्यांनी फाइलीतून माझं पत्रक काढलं. ठळक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती.

"आपने लिखा है कि इन्होंने कुछ नहीं देखा," ते म्हणाले. "आप यहाँ कब आई थीं? किस जगह खड़ी थीं?"

"आले नव्हते. नहीं आई थी."

"इनसे बात?"

"नाही."

त्यांनी कागदावर दोन शब्द लिहिले. ना हसले, ना रागावले. 'प्रत्यक्ष माहिती नाही' असंच काहीतरी असणार. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या लेखनावर मिळालेला तो सर्वांत अचूक अभिप्राय होता.

मग म्हणाले, त्यांना मराठी नीट येत नाही आणि मावशी हिंदी बोलत नाही. जबाब मराठीतच घ्यायचा आहे, तिच्या शब्दांत. तुम्हाला लिहिता येतं, तर लिहाल का?

अशी मी एका पालथ्या पाटीवर, मांडीवर पुठ्ठा घेऊन बसले आणि मावशी सांगत गेली. पहिल्याच वाक्याला अडखळले.

"वाच काय लिवलं ते," ती म्हणाली.

"सायंकाळी मला आकाशात एक तेजस्वी, गोलाकार वस्तू दिसली."

"तेजस्वी कुठं म्हनले मी? पांढरं म्हनले. आन गोल नाय. वर फुगीर, खाली निमुळतं. लसनाची गाठ उलटी धरल्यागत."

मी खोडलं. पुन्हा लिहिलं. असं तिने मला सहा ठिकाणी खोडायला लावलं. 'अचानक' खोडलं, कारण ती म्हणाली अचानक काही झालं नाही, ती पाठ मोकळी करायला वर बघत असताना ते आधीपासून तिथे होतं. 'विलक्षण' खोडलं. 'मी थक्क झाले' खोडलं.

"थक नाय झाले. इचार केला, हे काय असंल. मंग ध्यान ठिवलं."

"आणि काम चालू ठेवलंत?" हे मी विचारलं. साहेबांनी नाही.

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "हात थांबवून कसं चालंल, ताई? दिवस बुडालेला, येल अर्धा राहिला व्हता. डोळं वर, हात घडावर. सात घड झालं तवर ते ह्या तारेवरनं त्या तारेवर गेलं. मंग आमी भाईर आलो, टाकीवर हात धुतले, तोंड धुतलं. तवर ते तांबूस झालं. मंग दिवा घालवल्यागत गेलं."

मी साहेबांना हिंदीत सांगितलं. ते पेन्सिल खाली ठेवून पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण चांगला मथळा सुचला की माझ्याही चेहऱ्यावर तेच येतं. मी ज्या सात घडांची टर उडवली होती, ते त्यांना हवं असलेलं घड्याळ होतं. बाकी सहा-सात जणांचे जबाब त्यांनी घेतले होते. कोणी म्हणे दोन मिनिटं, कोणी म्हणे तासभर. वेळ मोजून सांगणारी ही एकटीच.

"पूछिए, अभी करके दिखाएँगी?"

मावशीने विचारलं, "कोंचा येल?"

"तोच. ज्यावर त्या दिवशी होतात."

"त्याचं झालंय. शेजारचा धरा."

दुसऱ्या अधिकाऱ्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तोपर्यंत मालक आला होता, मेहुणा होता, पोलीस पाटील, आणि हातातलं काम सोडून बायकाही वाकून बघत होत्या. मावशीने त्यांना त्यांच्या डोंगराकडच्या कोकणा बोलीत काहीतरी सुनावलं; निम्म्या परत वळल्या, निम्म्या तशाच. तिने सात घड केले. दुसऱ्या वेलावर सात, मग तिसऱ्यावर सात. तीनही वेळा नऊ मिनिटं आणि वर काही सेकंद. सेकंदच तेवढे बदलत होते.

पण मेहुणा म्हणाला, "खाली बघून कोणीही करंल. ती तर म्हणते, वर बघत होती."

तो माझाच मुद्दा होता. माझ्याच पत्रकातला, थोड्या कमी अलंकारांत. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती पोकळ वाटतो ते मला तिथे कळलं.

साहेबांना मी ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शंका बरोबर आहे म्हणाले. त्यांनी मावशीला ओळीत उभं केलं आणि तिने सांगितलेल्या दोन तारांमधून दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे बघत राहायचं आणि सात घड करायचे.

"मान अवघडंल," मावशी म्हणाली.

"त्या दिवशी अवघडली नव्हती का?" मेहुणा.

"त्या दिसी बघन्यासारखं व्हतं. आज निसतं आभाळ हाय."

बायका हसल्या. मालकही हसला. मग मावशीने कात्री उचलली. ती वर बघत होती आणि खाली तिची डाव्या हाताची बोटं घडावर चढत होती, दोन पाकळ्या सोडून तिसरी चाचपत, आणि कात्री त्यांच्या मागोमाग. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ते एकदाही खाली आले नाहीत. अर्ध्यावर साहेबांनी ती बघत असलेल्या दोन तारांमधला कोन एका साध्या कोनमापकाने आणि ओळंब्याने मोजला, दोनदा मोजला, लिहून घेतला.

"सात," मावशी म्हणाली. साडेनऊ मिनिटं झाली होती.

मेहुणा पुढे गेला. एकेक घड हातात घेऊन फिरवला. मण्यांमध्ये बोट घालून पाहिलं. सात घडांना त्याने जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मावशीचे आणखी चार झाले असते. शेवटी त्याने हात खाली सोडले आणि मालकाकडे बघून म्हणाला, "काय काढायचं नाय यात."

माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. हे त्याच्याबद्दल लिहिलंच पाहिजे.

जबाबावर साक्षीदाराची सही लागत होती. साहेबांनी कागद मालकापुढे धरला. मालक जरा मागे सरकला. "उद्या म्हणाल तबकडी होती असं मी लिहून दिलं."

मी भाषांतर केलं. साहेब म्हणाले, "इसमें तबकड़ी लिखा ही नहीं है. पढ़ लीजिए."

मालकाने पूर्ण वाचलं. ओठ हलवत. मग सही केली. मावशीनेही केली, मोठ्या सुट्या अक्षरांत, आणि सही करताना ओळीखाली बोट धरून मी शेवटचा शब्द तिने सांगितलेलाच लिहिलाय ना ते तपासलं.

ती वस्तू काय होती, ते साहेबांनी सांगितलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, की लोक त्यांना काय वाटलं ते सांगतात. काय दिसलं ते सांगणारा माणूस क्वचित भेटतो. हे त्यांनी मावशीकडे बघून म्हटलं, आणि तिला ते मी शब्दाला शब्द सांगितलं.

गाडी गेल्यावर मी तिच्यापाशी गेले. "मावशी, माझं चुकलं. मी आधी यायला हवं होतं."

ती टाकीवर कात्री धूत होती. "मला सांगून काय उपेग? कागद कुठं कुठं वाटला?"

मी सांगितलं. बाजार, चार गावं, जीपांचा अड्डा.

"मंग तितक्या जागी परत जा. आमच्या गावात माझ्या सुनंनं वाचला तो. जीपमदी, समद्यांसमोर."

त्या रात्री मी आयुष्यातलं सर्वांत अवघड पत्रक लिहिलं. पहिला मसुदा दोन पानांचा झाला, त्यात माध्यमांची बेजबाबदारी होती, शहरी अहंकार होता, सगळं होतं. वडिलांनी वाचून पेन काढलं आणि मी उपदेश करत होते त्या प्रत्येक वाक्यावर काट मारली. चार ओळी उरल्या. या बाईंना मी न भेटता खोटं ठरवलं. त्या म्हणाल्या ते त्यांनी सर्वांसमोर करून दाखवलं. त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं होतं. ते काय होतं, मला माहीत नाही.

शेवटचं वाक्य छापायला मन धजावत नव्हतं. आमच्याकडे छापलेल्या एकाही पत्रकात 'मला माहीत नाही' असं मी कधी वाचलं नव्हतं. सुरगाण्याच्या जीपमध्ये एका म्हाताऱ्याने ते वाचून मला खिडकीतून विचारलं, "मंग माहीत नाय तर छापलं कशाला?" मी म्हटलं, "आधी माहीत नसताना छापलं होतं, म्हणून." त्याने घडी करून खिशात ठेवलं.

पुढे दीडेक महिन्याने पोलीस पाटलांकडून कळलं. दक्षिणेतून शास्त्रज्ञांनी वरच्या हवेचा अभ्यास करायला सोडलेला एक प्रचंड फुगा होता, कित्येक कोस उंचीवरून जाणारा. खाली दिवस बुडाला तरी वर त्याच्यावर ऊन होतं. म्हणून तो पांढरा, मग तांबूस, मग नाहीसा. मावशीच्या सात घडांची वेळ आणि दोन तारांमधला कोन त्याच्या मार्गाशी जुळला, म्हणून नक्की करता आलं. मी ते मावशीला सांगायला गेले तेव्हा ती जरा विचारात पडली. म्हणाली, "येवढा मोठा फुगा, आन त्यांना वाटलं खाली कोनाला दिसनार नाय?"

पण टोळीचं जे व्हायचं होतं ते त्याच्या कितीतरी आधी, माझी पत्रकं वाटून झाली त्याच दिवशी ठरलं. मी उरलेली एक प्रत मालकाला द्यायला बागेत गेले होते. त्याने ती आधीच बाजारात वाचली होती. तो मावशीला म्हणाला, "उद्यापासून वरचा प्लॉट घ्या. मेहुण्याला मी फवारणीकडं लावतो."

मावशीने टॉवेल सोडून पुन्हा बांधला. बायका ऐकत होत्या, पण कात्र्या चालूच होत्या.

"ऱ्हाऊ द्या की त्याला," ती म्हणाली. "मागं नको, बाजूच्या येलाला उभा करा. हात वाईट नाय त्याचा, निसता घाई करतो."

दुसऱ्या दिवशी मेहुणा टोळीबरोबर वरच्या प्लॉटमध्ये गेला, असं नंतर कळलं. मी मात्र त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तिथेच थांबले. शेवटची ओळ संपवून मावशी बाहेर आली, मालकाला म्हणाली, "खालचं समदं झालं." तो बरं म्हणाला आणि मोटर बंद करायला निघून गेला. ओळीत कोणी बघायला गेलं नाही.